वहिनींचा ताप

झाकण अंगठ्याखाली कोमट झालं होतं. जुन्या कोटाच्या डाव्या खिशात पडून असलेलं, कॅमेऱ्याच्या भिंगावरचं काळं झाकण, कडेला एक टवका उडालेलं… विश्वास बसणार नाही कुणाचा, आजवर कुणाचा बसलेला नाही आणि मी कुणावर सक्तीही करत नाही, पण हे झाकण एकदा भर तळ्यात पडलं, आणि एका बदकाने ते चोचीत धरून काठावर आणलं, माझ्या बुटाशी ठेवलं, आणि मान वाकडी करून माझ्याकडे असं काही पाहिलं की मला शरमच वाटली. टवका आहे ना, तो त्या चोचीचा.

ही तो लोकांना सांगे ती गोष्ट. खरा टवका व्हॅनच्या दारात चिरडून उडाला होता. घाईघाईने दार ओढलं तेव्हा. संध्याकाळी, परतताना.

त्याने झाकण खिशात सोडलं आणि फोटोवरची काच पुसायला घेतली. चार वाजता वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू चहाला येणार होता. वेधशाळेत नोकरीला असलेला, चाळिशीचा, हसरा माणूस. जिन्यात भेटला की ‘काका, तो तळ्याचा फोटो दाखवायचाय ना’ म्हणून आठ दिवस मागे लागलेला. सबंध घरात भिंतीवर लावण्याजोगा हा एकच फोटो. तळं, पलीकडे निष्पर्ण झाडांची रांग, आणि पाण्यावर धुकं. असं धुकं की झाडं पाण्यातून उगवली आहेत की हवेत टांगली आहेत ते ठरवता येत नाही, आणि मधोमध कुठूनसा फाटून आलेला उजेडाचा पट्टा. सात मिनिटं होता तो उजेड. सात मिनिटांत अकरा फोटो. दहा वाया गेले.

“काच झिजेल,” बायको आतून म्हणाली. “सकाळपासून तिसऱ्यांदा पुसताय.”

“डाग आहे गं एक.”

“डाग आतल्या बाजूला असेल.”

ती असं काहीतरी बोलून जाते आणि मग आपण दिवसभर ते उलटंपालटं करून पाहत बसायचं. तिच्या बोलण्यात काही नसतंच बहुधा. तिच्या हातात तेव्हा भोपळा होता, आणि भोपळा चिरणाऱ्या माणसाच्या मनात भोपळाच असतो, असं त्याने स्वतःला समजावलं.

चौतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. वंगणाने काळे झालेले हात, लोखंडी दोर, गच्चीवरची ती यंत्राची खोली, जिथे खिडकी एवढीशी आणि तिच्यातून दिसणारं आभाळ वहीच्या पानाएवढं. त्या पानावर ढग आला की त्याच्या हातातला पाना सैल व्हायचा. हवामानाच्या बातम्या जिवाचा कान करून ऐकणारा साऱ्या कंपनीत तो एकटा, आणि धंदा मात्र कायम छपराखालचा! रविवार असायचा, नाही असं नाही. पण रविवारी बायकोचं माहेर, मुलीचा अभ्यास, गळणारा नळ, आणि नेमकं रविवारी आभाळ कोरडं ठणठणीत, निळंभोर, ज्याचा फोटो काढण्यात काही अर्थ नाही असं. ढग यायचे मंगळवारी. धुकं पडायचं गुरुवारी.

मग त्याने ती युक्ती काढली. घरी नोकरीचं नाव सांगायचं, नोकरीवर घराचं. कंपनीची व्हॅन रात्री त्याच्याच दारात असे, कारण बोलावणं कधीही येई. तिपाई दोरखंडाच्या वेटोळ्याखाली, कॅमेरा वंगणाच्या डब्यांमागे. घरी सांगायचं, अमक्या इमारतीत लिफ्ट अडकली. कचेरीत सांगायचं, बायकोला ताप आहे. दोन्ही बाजू एकमेकींना भेटण्याचं कारणच नव्हतं. एका वहीत तो सगळं टिपून ठेवी: भिंगाचं छिद्र, शटरचा वेग, ढग कुठल्या दिशेचे, आणि शेवटच्या रकान्यात, घरी काय सांगितलं नि कचेरीत काय. म्हणजे गल्लत नको. त्या वहीप्रमाणे त्याची बायको एका हिवाळ्यात नऊ वेळा तापाने फणफणली होती. खरं म्हणजे तिला आयुष्यात शिंकसुद्धा जोडीने आली नाही.

निरोपसमारंभाच्या दिवशी मात्र… तो दिवस आठवला की अजून कानाच्या पाळ्या तापतात. त्याला घड्याळ दिलं. आणि मग हजेरी कारकून, तो सज्जन, जाड चष्म्याचा माणूस, बायकोकडे वळून म्हणाला, “वहिनी, आम्ही सगळ्यांनी मिळून तुमच्यासाठीही छोटीशी भेट आणलीय. तब्येतीची काळजी घ्या.” आणि तिच्या हातात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. लाल. लोकरी कव्हरसकट. सगळी कंपनी तिच्याकडे काय कळवळ्याने पाहत होती! ती हसली. “फार आठवणीने आणलीत,” म्हणाली. घरी येताना तो घाईने म्हणाला, सगळ्यांच्याच बायकांना देतात, रीत आहे तशी. “हो का?” ती म्हणाली. “चांगली रीत आहे.” बस्स. पिशवी आजही आहे. त्याचीच पाठ शेकते ती त्या पिशवीने, रोज.

ती हसली ते सौजन्याने, असं त्याने ठरवून टाकलं होतं. ठरवणं भाग होतं. कारण ती जर त्या पिशवीवरून मागे मागे चालत गेली, एकेका तापावरून, एकेका अडकलेल्या लिफ्टवरून, तर शेवटी त्या एका गुरुवारपाशी जाऊन पोचणार… 

त्या गुरुवारी पहाटे तो व्हॅन घेऊन निघाला. लिफ्ट अडकलीय, दोन माणसं आत आहेत. संध्याकाळी परतला, बूट ओले, खिशात टवका उडालेलं झाकण, छातीत अकरा फोटोंचा आनंद मावत नाही, आणि घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, अहो, होतात कुठे? तुमचे सासरे गेले. सकाळी इथेच, तुमच्याकडे आले असताना, छातीत कळ आली. गाडी मिळेना. शेवटी कपाटं वाहणाऱ्या एका टेम्पोत मागे गादी टाकून नेलं, आणि दवाखान्याच्या फाटकाशी… 

व्हॅन तळ्याकाठी उभी होती. सात मिनिटं उजेड होता. पण तो तिथे सात तास थांबला, आणखी एकदा तसा उजेड पडेल म्हणून.

तिने विचारलंच नाही. त्यानेच सांगितलं, न विचारता, ती परतली तेव्हा दाराशीच: लिफ्ट चौथ्या नि पाचव्या मजल्याच्या मध्ये, हाताने चाक फिरवून काढावी लागली. ती ‘बरं’ म्हणाली. आणि मग त्या एका खोट्याला एकटं ठेवायची त्याला भीती वाटू लागली. त्याला सोबत हवी होती. म्हणून बदक आलं. म्हणून सांगितल्यावर थांबणारा ढग आला. अडकलेल्या दोन माणसांची सात झाली, त्यातल्या दोघांचं लग्न जमलं, एकाने आत बसल्या बसल्या दाढी केली. थापाड्या म्हणून तो प्रसिद्ध झाला! नातवंडं, शेजारी, भाजीवाला, सगळे खो खो हसायचे. एवढ्या गर्दीत ते एक कोण ओळखणार?

चार वाजता वेधशाळावाला आला. कप हातात घेऊन थेट फोटोसमोर उभा राहिला आणि वाकून झाडांची रांग न्याहाळू लागला. बायको खिडकीशी उसवलेली उशीची खोळ शिवत होती.

“काका, हा कधी काढलात?”

आज सांगून टाकावं, असं सकाळी, काच पुसताना, त्याच्या मनात आलं होतं. परक्या माणसासमोर सोपं जाईल. ती ऐकेल, रडेल कदाचित, पण संपेल. त्याने घसा खाकरला.

“पावसाळ्यात,” तो म्हणाला. “रविवार होता. आभाळ असं गच्च भरलेलं, आणि मी ढगाला म्हटलं, बाबा रे, जरा सरक…”

“आणि तो सरकला!”

“सरकला कसला, विचारतोय, डावीकडे की उजवीकडे?”

वेधशाळावाला पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, “काका, तुम्ही थोरच. पण आमच्या पोटावर का उठलात? झाडांना एक पान नाही, आणि म्हणे पावसाळा. असं पाण्याला चिकटलेलं धुकं म्हणजे कडाक्याची थंडी, रात्रभर आभाळ स्वच्छ, वाऱ्याचं नाव नाही. भर हिवाळ्यातली सकाळ आहे ही.”

“असेल बुवा. वय झालं.”

“गुरुवारची,” बायको म्हणाली.

सुई थांबली नव्हती.

“माझे वडील गेले तो दिवस. मी तेव्हा अंगणातून पाहत होते, टेम्पो येतो का म्हणून. धुक्यात समोरचं फाटक दिसत नव्हतं.” तिने दोरा दाताने तोडला. “लिफ्ट अडकलीच नव्हती त्या दिवशी. गाडीसाठी मी कचेरीत फोन केला होता.”

वेधशाळावाला कप कुठे ठेवावा ते शोधू लागला.

“कारकून म्हणाला, वहिनी, तुम्ही कशाला उठलात, ताप उतरला का? मला कळेचना. मग कळलं. खरं सांगितलं असतं, मला ताप नाही, माझे वडील तळमळताहेत, तर त्यांनी दुसरी गाडी पाठवली असती. दोन उभ्या होत्या म्हणे. पण यांची नोकरी गेली असती.” ती फोटोकडे पाहत नव्हती, त्याच्याकडेही नाही, हातातल्या खोळीची शिवण नखाने चेपत होती. “मी म्हणाले, उतरतोय.”

त्याची मूठ खिशात झाकणाभोवती आवळली. अपराध आपल्या एकट्याचा आहे, इतकी वर्षं, अशी त्याची समजूत होती, आणि त्या समजुतीत, हे आत्ता, टवक्याची कड तळव्यात रुतत असताना कळत होतं, थोडासा आराम होता, स्वतःचं घर असावं तसा. आणि ती कुठे राहत होती मग इतकी वर्षं? तो बदकाला चोच देत होता, ढगाला वाचा देत होता, तेव्हा, त्या ‘उतरतोय’पाशी, एकटी… 

सवयीने त्याने तोंड उघडलं.

“अहो,” ती हलकेच म्हणाली, “आता काही सांगू नका.”