मेलेल्या टायरला पॉलिश

शंभूशेठनं चाकावरचं घर घेतलं त्या दिवसापासून त्याला कुणी शेतकरी म्हटलेलं चालत नाही. भूगावातली वडिलांची जमीन बिल्डरला दिली. त्यातून बंगला झाला, एक भलीमोठी गाडी झाली, आणि त्या गाडीला जोडून ओढायचं एक पांढरं घर आलं. तेही जुनं, कुणाकडून तरी घेतलेलं. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, वर एसी. पुण्याची माणसं ते दोन दिवस भाड्यानं घेतात. शंभूशेठ ते ओढत ताम्हिणीला नेऊन उभं करतो आणि ती माणसं त्याच्या दारात खुर्च्या टाकून नूडल्स खातात. याला म्हणायचं भटकंती.

मी धनगराची पोर. लहानपणी आमचं बिऱ्हाड वर्षातले आठ महिने घोडीच्या पाठीवर असायचं. भांडी, वाकळा, कोंबड्या, धाकटा भाऊ, सगळं एका घोडीवर. आमचे फोटो काढायला कुणी आलं नाही. गावात शिरलो की अंगावर कुत्री सोडायचे तेवढंच. म्हणून ते पांढरं घर रस्त्यानं जाताना दिसलं की माझं तोंड वाकडं होतं. लपवून काय करू?

पौडच्या अलीकडे रस्त्याला लागून माझं टायरचं दुकान आहे. नवरा सिद्धनाथ टेम्पो चालवतो, दुकान मी बघते. अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं लोक येऊन विचारायचे, "मिस्त्री कुटं गेला?" आता विचारत नाहीत.

एप्रिलातल्या एका गुरुवारी दुपारी शंभूशेठ ते घर घेऊन दुकानासमोर थांबला. खाली उतरला नाही. काच निम्मी खाली केली.

"ए उज्वले, ह्या मागच्या टायरला काळं पॉलिश मार. शनवारी बुकिंग हाय. फोटोवाली पार्टी हाय, सगळं चकाचक पायजे."

घराला एकूण दोनच चाकं, डावं आणि उजवं. मी डाव्याजवळ बसले. नक्षी भरलेली होती, बोटाचं पेर आत जाईल एवढी. पण कडेला बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात अनवाणी बाईच्या टाचेला पडतात तशा. मी धूळ पुसली आणि आकडे वाचले. ३२१६.

"शेठ, हे बदलावे लागत्याल."

"का? नक्षी बघ की. नवीकोरी हाय."

"नक्षी झिजली न्हाई कारण ते फिरलंच न्हाई. हे आकडे बघा. दोन हजार सोळा सालातला बत्तिसावा आठवडा. नऊ वर्षं व्हत आली. तुमी घ्यायच्या आधी हे घर कुटंतरी उन्हात उभं असनार. रबर आतनं वाळलंय. असलं टायर चालून मरत न्हाई, उभं राहून मरतंय."

तो हसला. आरशात स्वतःकडे बघून हसला, जणू आत आणखी एक शंभूशेठ बसला होता आणि त्याला हा विनोद सांगायचा होता.

"माझ्या बापाच्या ट्रॅक्टरचं टायर वीस वर्षं चाललं."

"ट्रॅक्टर कुनी घाटात साठच्या स्पीडनं पळवत न्हाई."

"आता मेंढरं राखनाऱ्यांनी आमाला गाड्या शिकवायच्या. पॉलिश मारतीस का न्हाई तेवढं सांग."

"न्हाई. मढ्याला मी पावडर लावत न्हाई."

काच वर गेली. गाडी गेली. मागे ते पांढरं घर डुलत गेलं, त्याच्या पाठीवर डोंगर आणि तंबू यांचं चित्र.

शनिवारी सकाळी मी दुकान उघडून चहा घेत होते. समोर गतिरोधक आहे, तिथं सगळ्यांना हळू व्हावंच लागतं. शंभूशेठची गाडी आली. टायर काळेभोर चमकत होते, म्हणजे पॉलिश मारणारा कुणीतरी भेटला होता. भेटतोच. घराची चाकं गतिरोधकावर चढली आणि मला डाव्या टायरच्या बाजूला फुगा दिसला. मोसंबीएवढा. तिथं आतले दोरे तुटले होते आणि हवा नुसत्या रबरानं धरून ठेवली होती.

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं, जाऊ दे. फुटू दे घाटात. एकदा कळू दे ह्याला मेंढरं राखणाऱ्यांना काय कळतं ते. कपातला चहासुद्धा मी खाली ठेवला नव्हता.

मग गाडीच्या पुढच्या सीटवर त्याची आई दिसली. रत्नाबाई. हिरवं नऊवारी, मांडीवर ओटीची पिशवी. ताम्हिणीच्या विंझाईदेवीला निघाली असणार. आमची मेंढरं खतासाठी त्यांच्या वावरात बसायची तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. तिचा नवरा कोंडाजी आम्हाला धान्य लांबून मापून द्यायचा. एकदा बाभळीचा काटा माझ्या टाचेत मोडला, तर ह्या बाईनं माझा शेणानं भरलेला पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढला होता.

मी पाना हातात घेऊन पळत सुटले आणि गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले. शंभूशेठनं ब्रेक मारला. मागं हॉर्न सुरू झाले.

"मरायचंय का तुला?"

"मला न्हाई. तुमालाच घाई दिसतीय."

तो दार उघडून शिव्या देत उतरला. त्याच्यामागून रत्नाबाई उतरली, एकेक पाय सांभाळत.

"काय झालं गं पोरी?"

"काकू, हितं हात लावा."

तिनं वाकून फुग्यावर हात ठेवला. अंगठ्यानं दाबून बघितला, गाईची कास बघावी तसा.

"हे तर गळू हाय," ती म्हणाली.

"आई, तिला टायर खपवायचेत. धंदा हाय तिचा."

"तू गप. गळवाला काळं फासून मला देवीला न्यायला निघालास व्हय?"

रस्त्यावर पाच-सहा माणसं जमली होती. त्यांच्यासमोर शंभूशेठला गाडी बाजूला घ्यावी लागली. फार वाईट तोंड केलं होतं त्यानं. मला ते बघून बरं वाटलं.

तरी त्याची हुशारी संपली नव्हती. म्हणाला, "माझ्या जुन्या गाडीचे दोन नवे टायर बंगल्यावर पडलेत. माणूस पाठवून आनतो. माप तेच हाय. तू फक्त बसव."

"घराचं वजन किती हाय, शेठ?"

"हलकं हाय. फायबरचं हाय."

"किती?"

त्याला माहीत नव्हतं. घर घाटातून ओढायचं, त्यात लोकांची पोरंबाळं झोपवायची, आणि वजन माहीत नाही. मी फुगलेलं चाक काढलं आणि स्टेपनी चढवली. तीही त्याच वयाची होती, पण अर्धा किलोमीटर चालत्या माणसाच्या वेगानं न्यायला पुरली. तिथल्या खडी क्रशरच्या वजनकाट्यावर घर गाडीपासून सोडवून एकटं उभं केलं. पाण्याची टाकी भरलेली, गॅसची टाकी आत, गाद्या, खुर्च्या, दोन बॅटऱ्या. तेराशे ऐंशी किलो.

"म्हंजी एका चाकावर जवळजवळ सातशे," मी म्हणाले. "तुमच्या त्या जुन्या गाडीचं टायर पावणेपाचशे उचलतंय. तितं चौघं मिळून उचलत्यात, हितं दोघंच हायेत. माप सारखं असलं म्हनून ताकद सारखी नसती. ह्याला टेम्पोचं, जाड थराचं टायर पायजे."

काट्यावरचा माणूस मान हलवत होता. शंभूशेठ मोबाइल बघत होता.

तसे दोन टायर माझ्या दुकानात मांडणीवर होते. तारीख बघितली तर तीन वर्षांपूर्वीची. मी ते परत ठेवले आणि पिरंगुटच्या एजन्सीला फोन केला: ह्याच वर्षाचे तीन टायर, दोन चाकांना आणि एक स्टेपनीला. दीड तास लागणार होता.

"आता हायेत तेच बसव की!" शंभूशेठ ओरडला. "पार्टी थांबलीय तितं."

"तुमचं घर वर्षातले दहा महिने उभंच असतंय. टायरचं निम्मं आयुष्य मांडणीवर गेलेलं तुमाला कशाला देऊ? मालवाहू टेम्पोला देईन, त्यो वर्षात झिजवून टाकंल."

हे त्याला कळलं की नाही ठाऊक नाही. त्याच्या चेहऱ्यावरून एवढंच दिसलं की गिऱ्हाईक घ्यायला तयार असताना माल मागं ठेवणारी बाई त्याच्या हिशेबानं मूर्ख होती.

थांबलेल्या वेळात रत्नाबाई दुकानात स्टुलावर बसली. म्हणाली, "त्यो जुना काप बरं. बघू दे मला."

मी सुरीनं फुग्यावर चीर दिली आणि पक्कड लावून ओढलं. वरचा थर हातभर सुटून आला, केळीच्या वाळक्या सोपटासारखा. आतले दोरे कुजल्यासारखे तुटत होते.

"सुरीनं कापल्यावर निघनारच," शंभूशेठ म्हणाला.

रत्नाबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग त्या तुकड्याकडे. "तुझा बाप म्हनायचा पोरगं शिकलं," एवढंच बोलली.

टायर आले. मी तिन्हींच्या तारखा रत्नाबाईला वाचून दाखवल्या, शेठला नाही. रिम घासून घेतल्या, व्हॉल्व्ह नवे टाकले, वजनाला लागते तेवढी हवा भरली. नट समोरासमोरचे आवळत होते तेव्हा माझ्या डोक्यावर उभा राहून शंभूशेठ त्या पार्टीशी फोनवर बोलत होता. बोलताना त्याची भाषा पार पुण्याची होते.

"मॅडम, थोडा उशीर होतोय, पण टायर मी स्वतः चेक करतो. डेट बघतो, लोड बघतो. वजनकाट्यावर नेऊन आलो आत्ता. सेफ्टीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही."

माझ्या हातात दोन फुटी पाना होता. मी तो नटालाच लावला.

"पन्नासेक किलोमीटर झाले की नट एकदा परत आवळून घ्या," मी सांगितलं. "नवं चाक बसलं की थोडं ढिलं पडतंय. माझ्याकडं नका येऊ, कुटंबी घ्या, पन घ्या."

त्यानं पैसे माझ्या हातात दिले नाहीत, मांडणीच्या कडेवर ठेवले आणि गाडीत जाऊन बसला. रत्नाबाईनं माझ्या काळ्या हाताला हात लावला. "पिराजी कसा हाय?" माझ्या वडिलांचं नाव तिला आठवत होतं. मी म्हटलं, बरे हायेत, घरीच असतात आता. ती गेली.

त्यांचा प्रवास नीट झाला. काही फुटलं नाही, कुणाला काही झालं नाही. आणि म्हणूनच शंभूशेठला आजही वाटतं की काही होणारच नव्हतं. भूगावात तो सांगत फिरतो की पौडच्या धनगरणीनं म्हातारीला घाबरवून तीन टायर गळ्यात मारले. माझ्याकडं येणाऱ्या दोन गिऱ्हाइकांनी मला हे हसत सांगितलं. मीही हसले. हसण्यापलीकडं त्या माणसाची लायकी नाही.

त्या शनिवारी घरी गेल्यावर मी वडिलांना, आबांना, सगळं सांगितलं. ते ओट्यावर पाय सोडून बसले होते. मला वाटलं, आबा शंभूशेठला दोन कचकचीत शिव्या घालतील, आणि मला त्या ऐकायच्याच होत्या. दिवसभर दाबून धरलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.

आबांनी विचारलं, "रत्नाबाई चालती का नीट?"

"गुडघे धरलेत. सावकाश चालती."

"आन् त्यांच्या त्या वरच्या वावरात आता काय हाय?"

"सोसायटी हाय, आबा. पार सात मजली."

शंभूशेठचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. मग म्हणाले, "लई चांगली जिमीन व्हती. मेंढरं तितनं उठायला मागायची न्हाईत," आणि जेवायला वाढ म्हणाले.