ओढ्याकाठचे तीस सेकंद

बाबा जाऊन दीड महिना झाला. आईने आणलेली फ्रेम तेव्हापासून कपाटावर रिकामीच आहे. "फोटो सापडला का?" असं ती रोज विचारते आणि मी रोज "शोधतेय" म्हणते. शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. वीस वर्षं बाबांनी वाहत्या पाण्याचे फोटो काढले. त्यांचा काढायला कुणी नव्हतं. ओळखपत्रावरचा आईने पाहताक्षणी बाजूला सारला. "यात ते पकडून आणल्यासारखे दिसतात."

एक फोटो होता. तो मी लपवला होता.

शेवटच्या खेपेला ओढ्यावर मी त्यांच्याबरोबर गेले होते. भर दिवसा पाणी धुक्यासारखं मऊ दिसावं म्हणून ते लेन्सवर काळी काच बसवत. ती प्रकाश इतका अडवते, की एका फोटोला तीस सेकंद लागतात. काम आटोपल्यावर म्हणाले, "आता माझा एक काढ. काच तेवढी काढून घे."

काचेचे आटे अडकले होते. माझी बोटं गारठलेली, सामान वाहून जीव मेटाकुटीला आलेला. एकदा पिळून पाहिलं, सोडून दिलं आणि तसंच बटण दाबलं. आवाज ऐकून बाबांना वाटलं, झालं. ते खडकावरून हळूहळू उतरून माझ्याकडे आले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही.

आज तो फोटो आईपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने चष्मा पुसला.

"हा धूर म्हणजे हे?"

"हो."

"काठी मात्र लख्ख आलीय."

"खडकाला टेकवून ठेवली होती."

"आणि मला सांगायचे, काठीशिवाय पाऊल टाकत नाही."

"आई, माझा आळस नडला."

तिने कॅमेरा मागून घेतला. काच अजून तशीच होती. तिने स्वयंपाकघरातून रबर आणलं, काचेच्या कडेला गुंडाळलं आणि बरणीचं झाकण उघडावं तशी पकड घेतली. दुसऱ्या पिळाला काच सुटली.

एवढंच होतं. मी खाली बसले.

"ओढ्यावर कुठून आणणार होतीस रबर," ती म्हणाली.

मग तिने तो फोटो फ्रेममध्ये सरकवला. "घरात तरी कधी एका जागी बसले? असू दे." फ्रेम भिंतीशी उभी करून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. "आता माझा काढ. नाहीतर माझाही धूर करशील."

मी बटण दाबलं.

"झाला?"

"झाला. काच नसली की लगेच होतो."

तरी ती हलली नाही. हात मांडीवर, नजर माझ्याकडे. मीही कॅमेरा खाली घेतला नाही.