होडी बंद, त्या दिवशी गोळी

आमचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान आणि माझ्या लेकीचे, इफ्फतचे अब्बा युसुफ, सगळ्या नाटे बंदरावर फक्त वाऱ्याचं ऐकतात. माझं ऐकत नाहीत. म्हणून जे झालं त्यात माझा काडीचा दोष नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर अर्धा दोष माझाच आहे.

सात वर्षं झाली, त्यांच्या कोपरांवर आणि तळहातांवर लाल चट्टे आहेत, वर पांढरे पापुद्रे सुटतात. सोरायसिस म्हणतात त्याला. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही, पण हे लोकांना कोण सांगणार? आमच्यात लग्नात एका मोठ्या ताटाभोवती चार-पाच जण बसून जेवतात. एका लग्नात शेजारचा माणूस पोट भरलं म्हणून उठला आणि दोन ताटं सोडून पुन्हा जेवायला बसला. त्या दिवसापासून तांडेल ताटावर बसले नाहीत. लग्नाला गेले की हातात डाव घेऊन वाढायला उभे. गाव म्हणतं, किती सेवाभावी माणूस! घरी येऊन गुपचूप पेज पितात ते मला ठाऊक.

आमच्या इफ्फतचं लग्न यंदाच्या मे महिन्यात करायचं ठरलं. मुलीच्या बापाला व्याह्यांच्या ताटावर बसावंच लागतं, तिथे डाव हातात घेऊन सुटका नाही. तांडेलांची झोप उडाली. मी त्यांना ओढत रत्नागिरीला नेलं.

तिथल्या डॉक्टरीण अक्षयाबाईंनी नीट समजावलं. अंगात जंतूंवर पहारा ठेवणारे असतात, ते यांचे बिथरलेत. आपल्याच कातडीला चोर समजून झोडपत सुटलेत. मग कातडी महिन्याचं काम चार दिवसांत उरकते, जुनी पडायच्या आत नवी वर येते, तेच हे पापुद्रे. ही गोळी त्या पहारेकऱ्यांना जरा सुस्त करते. जराच. सगळेच निजले तर खरा चोर घरात शिरेल. म्हणून गोळी आठवड्यातून एकदाच, मधूनमधून रक्त तपासायचं, आणि गुण यायला दीड-दोन महिने.

कुठल्या वारी घेऊ, असं तांडेलांनी विचारलं. लक्षात राहील त्या वारी, असं बाई म्हणाल्या. आमच्याकडे शुक्रवारी जुम्म्यामुळे होड्या समुद्रात जात नाहीत. "मग होडी बंद असते त्या दिवशी घेतो," तांडेल म्हणाले. बाई हसल्या, कागदावर शुक्रवार लिहून दिला. कागद कपाटात गेला आणि होडी तेवढी डोक्यात राहिली.

दोन शुक्रवार सुरळीत गेले. तिसऱ्या शुक्रवारीही गोळी घेतली. शनिवारी बंदरावर वादळाचा बावटा चढला आणि सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्या. तांडेल पडवीत बसून म्हणाले, पाणी आण, आज होडी बंद आहे. मी म्हटलं, काल घेतलीत ना? तर म्हणे, नेम म्हणजे नेम. लग्न बारा दिवसांवर आलं होतं, चट्टे होते तसेच होते. मलाही वाटलं, एखादी जास्त गेली तर लवकर निवळेल. आणलं मी पाणी. रविवारी आणलं, सोमवारीही आणलं.

मंगळवारी बावटा उतरला आणि तांडेलांचं तोंड आलं. आत नुसते फोड, चहा गिळवेना, वर ताप. मी फोन लावला. किती गोळ्या झाल्या ते सांगितलं. बाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता निघा.

रक्त तपासलं तर पहारेकरी निम्मेसुद्धा उरले नव्हते. उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी हमसून हमसून रडले. आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. अल्लाला म्हटलं, चट्टे राहू देत, माणूस राहू दे.

चौथ्या दिवशी धोका टळला, तेव्हा बाईंनी दोघांना फैलावर घेतलं.

"जूनपासून दोन महिने सगळ्याच होड्या बंद असतात. तेव्हा काय करणार होतात?"

"डबी संपेपर्यंत घेतल्या असत्या," तांडेल खाली मान घालून म्हणाले.

लग्नाच्या तीन दिवस आधी घरी सोडलं. गोळी बंद, चट्टे जागच्या जागी, तोंड अजून हुळहुळतंय. निकाह झाला, ताटं मांडली, आणि बघते तर आमचे तांडेल डाव शोधतायत! डाव मी आधीच पाठीमागे धरला होता. म्हटलं, मरणाच्या दारातून आलात, आता ताटाला कसले भिता? जा, बसा.

गेले. बसायच्या आधी त्यांनी दोन्ही हात व्याह्यांपुढे उघडे केले. कनातीमागून मला स्वच्छ ऐकू आलं.

"हे असं आहे. कुणाला लागत नाही. पण तुम्हाला चालेल का?"

व्याह्यांनी हात बघितले, तांडेलांकडे बघितलं. "मग या बाजूला बसा," ते म्हणाले, "इकडे मटणाचे तुकडे चांगले आहेत."

पहिल्याच घासाला तांडेलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बायका एकमेकींना म्हणाल्या, बापाचं काळीज, मुलगी चालली ना! मला ठाऊक होतं, मसाला झोंबतोय. मेले कशाला खातात एवढं, म्हणून मी तिथेच चरफडले. तर ताट रिकामं होईपर्यंत उठले नाहीत.

हात धुवायला आले तेव्हा विचारलं, फार झोंबलं का?

"फार झोंबलं," ते म्हणाले. "पण कनीज, शेजारचा कुणी उठला नाही."