बोडीकाठची कोचई

शहात्तरच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन सिहोऱ्याला आले आणि आल्या आल्या बोडीच्या काठाला कोचई, म्हणजे अळू, लावली. कंद माहेरचे, आंबागडचे. आमची बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं. सासू चंद्रभागाबाई म्हणाली, "तठी रानकोचई हाय. मिसळन." हिला माझं काही चांगलं दिसतच नाही, असं मी मनात म्हटलं आणि लावायची तिथेच लावली. पाणी चढलं तशी पानं सुपाएवढी झाली.

श्रावणात भाताची लावणी आली; आम्ही तिला रोवणा म्हणतो. अठरा बाया, भाताच्या दोन बांध्या लावायच्या उरलेल्या, रोपांचे परे उपटून ठेवलेले. बायांना दुपारचं जेवण आमच्याकडे. कोचईच्या वड्या मीच करते, असं मोठ्या तोऱ्यात सांगून बसले. भर पावसात घाईघाईनं पानं कापली, बेसन लावलं, उकडली, तळली.

वड्या झाल्यावर पुन्हा बोडीवर गेले आणि पाचावर धारण बसली. कापलेल्या देठांत काही काळे होते, काही पांढुरके. काळे माझे. पांढुरके रानकोचईचे! आता अठरा घसे खवखवणार, बाया उठून घरी जाणार, परे सुकणार आणि नव्या सुनेचं नाव गावभर होणार.

धावत घरी आले. बाया पंगतीला बसल्या होत्या. सांगू तरी कशी? कोचई ताटात असताना 'खाज' हा शब्द कोणी काढत नाही. काढला की घसा खाजतोच, अशी आमच्याकडची समजूत. तेवढ्यात सगळ्यांसमोर सासूनं एक वडी तोंडात टाकली. सावकाश चावली. मग दुसरी खाल्ली.

"कशी झाली, आत्याबाई?"

"चांगली हाय. पर बायकाईले पुरन नाही. वाढू नोको."

परात उचलून ती आत गेली. माझी भीती गेली आणि डोकं तापलं. "चांगल्या पुरतात की!" मी बायांदेखत म्हटलं.

"गप राह्य."

बाया वरण-भात जेवल्या, बांध्यांत उतरल्या, दिवस मावळायच्या आत रोवणा संपला. मी तिच्याशी अबोला धरायचा ठरवूनच घरात शिरले. ती चुलीपाशी चिंच चोखत बसली होती. ओठ सुजलेले, डोळ्यांतून पाणी. मला रडूच कोसळलं.

"समजलं होतं, तं दुसरी कायले खाल्ली?"

आवाज निघत नव्हता तिचा. तरी म्हणाली, "एकीवर थांबली असती, तं बायकाईले समजलं असतं."