शंभर यार्डांवरच्या गाई

वणवा पुढच्या खोऱ्यात सरकला आणि पोलिसांनी रस्ता खुला केला, तेव्हा पद्मजा आणि तिचा नवरा शंतनू बॉथेलच्या घरून डोंगर ओलांडून आपली सुट्टीतली केबिन वाचली का ते बघायला गेले. केबिन वाचली नव्हती. विटांचं धुराडं तेवढं उभं होतं. शंतनू इन्शुरन्ससाठी फोटो काढत होता आणि पद्मजा राखेत नुसतीच उभी होती. तेवढ्यात शेजारच्या गुरांच्या रँचवरचा डेल पिकअप घेऊन आला.

डेल सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस. पहिल्या हिवाळ्यात यांची गाडी बर्फात रुतली, ती त्यानेच ट्रॅक्टरने ओढून काढली होती. आज तो कोपरांनी स्टिअरिंग सांभाळत आला होता, कारण तापलेलं लोखंडी फाटक उघडताना त्याचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते. हातांना ओले टॉवेल गुंडाळलेले. आधी हॉस्पिटलला चला, म्हणून दोघं मागे लागली, पण त्याला ते ऐकूच जात नव्हतं.

"तू कॉलेजात बंदूक चालवायचीस ना?" त्याने पद्मजाला विचारलं. "तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं. नागपूरला एनसीसीच्या कॅम्पात तिच्या गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसायच्या. पण त्याला वीस वर्षं होऊन गेली होती आणि तेव्हा समोर कागद असायचा.

डेलने त्यांना कुरणाच्या कडेला नेलं. कोरड्या ओढ्यापलीकडे तीन गाई उभ्या होत्या. दोघी हलत नव्हत्या. त्यांची कातडी पाठीवरून लोंबत होती आणि खूर सुटत आले होते. तिसरी गोल गोल फिरत हंबरत होती. तो आवाज गाईचा वाटतच नव्हता. फोनचा टॉवर जळलेला, जनावरांचा डॉक्टर कुठल्या रँचवर अडकलाय ते कोणालाच ठाऊक नाही. त्यांना सोडवायला आता गोळीच उरली होती, आणि डेलच्या हातांना चाप ओढता येत नव्हता. ओढ्यात उतरायची सोय नव्हती. राखेखाली झाडांची मुळं अजून धुमसत होती आणि पाय पडला की गुडघ्यापर्यंत आत जात होता. डेलने सकाळी एकदा प्रयत्न केला होता. त्याच्या बुटाचा तळ वितळला होता.

घराबरोबर त्याच्या चांगल्या रायफली गेल्या होत्या. पिकअपच्या सीटमागे उरली होती ती एक जुनी, आखूड नळीची कार्बाइन. दुसऱ्या महायुद्धातली, लष्कराने भंगारात काढलेली, तरुणपणी कोल्ह्यांना हुसकावण्यासाठी घेतलेली. "पन्नास यार्डांपर्यंत ठीक आहे," तो म्हणाला. ओढ्यापलीकडच्या गाई शंभर यार्डांवर होत्या.

शंतनूने तिचा दंड धरला. "पद्मा, गाय आहे ती."

"दिसतंय मला," ती म्हणाली.

ती पिकअपच्या बॉनेटवर कोपरं टेकवून वाकली. पहिली गोळी कुठे गेली ते कळलंच नाही. दुसरीने गाईच्या डावीकडे राख उडाली. म्हणून तिने नेम उजवीकडे घेतला, तर तिसरी उजवीकडेच हातभर लांब गेली. बंदूक नेहमी एकाच बाजूला ओढत असली तर हिशेब करता येतो. ही प्रत्येक वेळी वेगळ्याच बाजूला मारत होती. चौथी गोळी लागली, पण पोटात. गाय पुढच्या गुडघ्यांवर बसली आणि पुन्हा उठायला धडपडू लागली.

डेलने तोंड फिरवलं. पद्मजाला आता थांबताही येईना आणि पुढचा चाप ओढायची हिंमतही होईना. तिने बंदूक खाली घेतली तेव्हा हाताला काहीतरी हललं. नळी आणि लाकूड एकत्र धरणारी लोखंडी पट्टी सैल होती. प्रत्येक गोळीला नळी जागा सोडत होती. डेल म्हणाला, तो स्क्रू कधीचाच तसा आहे. तिने शंतनूकडे चाकू मागितला. तो त्या गाईकडे बघत होता. त्याने तो खिशातून काढून दिला. तिने स्क्रू आवळला आणि एका जळक्या खुंटावर दोन गोळ्या झाडून पाहिल्या. दोन्ही नेमाच्या खाली लागल्या, पण शेजारी शेजारी.

मग तिने त्या घायाळ गाईच्या डोक्याच्या बराच वर नेम धरला. गाय एका बाजूला कलंडली. दुसरीही पडली. तिसरी मात्र फिरायची थांबेना, आणि फिरत्या डोक्यावर या बंदुकीने नेम धरण्यात अर्थ नव्हता. आणखी एखादी पोटात बसली असती, तर पद्मजाला ते सोसलं नसतं.

"जवळ जावं लागेल," ती म्हणाली.

शंतनू ओढ्याच्या कडेकडेने वर चालत गेला आणि बऱ्याच वेळाने त्याची हाक आली. ओढ्यावर सिंचनाचा सिमेंटचा पाट आडवा गेला होता. तो तापला होता, पण भक्कम होता. दोघं त्यावरून गेली. गाय त्यांना बघून थांबली. तिचे डोळे गेलेले होते, पण कान त्यांच्याकडे वळले. पद्मजा चार पावलांवर उभी राहिली. इतक्या जवळून कुठलीही बंदूक सरळच मारते. तिने चाप ओढला आणि मग खाली बसून ती ओकली.

दोघं परत आली. डेल म्हणाला, वरच्या कुरणात अशा अजून आहेत. किती ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. शंतनूने तिला पाणी दिलं, तिच्या चेहऱ्यावरची राख आपल्या बाहीने पुसली आणि पिकअपच्या ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

दुपार टळल्यावर पलीकडच्या रँचवरची माणसं चांगल्या रायफली घेऊन आली. तोवर वरच्या कुरणातलं बरंचसं काम तिने केलं होतं. सगळं जवळ जाऊन. त्यातल्या एकाने डेलला हॉस्पिटलला नेलं. दुसऱ्याने कार्बाइन तिच्या हातातून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिची बोटं मोकळी होईनात. शंतनूने ती एकेक करून सोडवली.

घरी जाताना घाटात तिने खिडकी उघडली आणि लगेच बंद केली. बाहेरही तोच जळका वास होता.