दगडाची आतली बाजू

हफीजा गेली ती क्षेपणास्त्रानं नव्हे, भोंग्यानं. रियाधमध्ये हल्ल्याचा भोंगा वाजला, खिडकीला चिकटपट्टी लावता लावता ती खाली बसली, आणि उठलीच नाही. स्फोट कुठंतरी लांब झाला. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिनं पट्टी कापायला दिलेली कात्री नवऱ्याच्या, कादिरच्या हातात तशीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोहरच्या नमाजनंतर तिला दफन केलं. तिथल्या रिवाजाप्रमाणं कबरीवर ना नाव, ना गिलावा. डोक्याशी एक ओबडधोबड दगड, बस. जिकडं बघावं तिकडं तसेच दगड.

कुवेत पडल्यावर लेकीला, नबीलाला दापोलीला मामाकडं धाडलं होतं. हफीजा मात्र हट्टानं राहिली होती. बत्हा बाजारातल्या टेलिफोन बूथमधून कादिरनं तिला कळवलं. ती म्हणाली, "अब्बा, मी मोठी होऊन आले तर अम्मी कुठं आहे ते कसं कळेल? काहीतरी खूण करून ठेवा."

कादिर गवंड्यांचा फोरमन. पण कब्रस्तानचा म्हातारा राखणदार लिहिलेलं काही दिसलं की घासून टाकायचा.

लढाईमुळं साइट बंद होती. तिथला इंग्रज इंजिनियर बर्नार्डसाहेब खोलीवर भेटायला आला. त्यानं पिशवीतला आल्बम काढला. हा आल्बम कादिरनं पूर्वी घरी आणून हफीजाला दाखवला होता. साहेबाच्या गावचं सातशे वर्षांहून जुनं कॅथेड्रल. ओकच्या तुळया, छपरावर शिशाचे पत्रे, चुन्यात बसवलेले दगड. आत काळे गुळगुळीत खांब, अन् त्या दगडात गोगलगाईचे शंखच शंख. हफीजाचे वडील खाडीकाठी शिंपल्यांचा चुना भाजत. ती हसून म्हणाली होती, "म्हंजे आमच्याच खाडीतला माल की!"

शेजारच्या खोलीत राहणाऱ्या रहमतुल्लानं एका फोटोवर बोट ठेवलं. "ही फरशीवर नावं कसली?"

"कबरी आहेत त्या," साहेब म्हणाला.

"आणि वरून लोक चालतात? बूट घालून?" रहमतुल्लानं कानाला हात लावले. "या अल्ला! आपल्याच माणसांच्या छातीवर?"

"चालून चालून नावं झिजलीत. आता वाचता येत नाहीत." साहेब जरा थांबला. "गवंड्यांच्या खुणा मात्र टिकल्या. आपला दगड कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकजण एक खूण कोरायचा. काही खुणा भिंतीच्या आत गेल्या. दुरुस्तीला दगड काढला की अजून ताज्या दिसतात. माझ्या वडिलांनी पाहिल्यात."

कादिरनं पहिल्यांदाच मान वर केली. "आतल्या बाजूला?"

"आतल्या बाजूला."

"काय शिजतंय तुझ्या डोक्यात?" रहमतुल्लानं दटावलं. "राखणदारानं धरलं तर आपला कफील मालक तुला सोडवायला यायचा नाही हां."

"दगडाच्या पोटात कोण बघणार आहे?"

सकाळी तो छिन्नी-हातोडी घेऊन कब्रस्तानात गेला. एक शिंपली कोरायची, आणि दगड होता तसा पुरायचा. जागा त्याला पक्की ठाऊक होती, भिंतीलगतच्या बाभळीसमोर. माती अजून भुसभुशीत होती. त्यानं दगड हलवला, उपटला, उलटा केला.

पोटावर चांद कोरलेला होता. बाजूला दोन रेघा. छिन्नीचं सफाईदार काम, कुण्या गवंड्याचंच.

आपण भलत्याच कबरीपुढं फातिहा म्हणत होतो का? दगड तसाच उचलून कादिर राखणदाराकडं धावला.

म्हाताऱ्यानं चांद पाहिला आणि कोपऱ्यातल्या दगडांच्या ढिगाकडं हात केला. जुन्या कबरी सपाट झाल्या की दगड तिथं पडतात. नवीन मय्यत आली की त्यातलाच एक घ्यायचा. "कबर तुझीच. दगड कुणाचाही. खलास."

म्हणजे कुणीतरी कुठून तरी येणार, चांद शोधणार, आणि हफीजापाशी बसून रडणार. आणि आपली शिंपली उद्या दुसऱ्याच कुणाच्या डोक्याशी जाणार.

चांदाशेजारी जागा होती. कबरीपाशी परतून त्यानं छिन्नी टेकवली. पण हातोडीचा हात उचललाच गेला नाही. मग दगड होता तसा, चांद खाली करून पुरला आणि माती हातानं दाबली.

संध्याकाळी बूथमध्ये नबीलाचा आवाज आला. "खूण केलीत ना, अब्बा?"

"खूण आहे," कादिर म्हणाला.