न वाचता केलेली सही

“लिही, मी कागद न वाचताच सही केली,” शिक्षणाधिकारी ग्रेशम म्हणाला.

आर्डेला टब्जने पेन उचललं. सव्वीस वर्षं ती काळ्या मुलांच्या शाळेत व्याकरण शिकवत होती. ग्रेशम तिच्याहून वीस वर्षांनी लहान; तरी तो तिला एकेरी हाक मारी आणि ती त्याला साहेब म्हणे. १९५५ सालच्या मिसिसिपीत गोऱ्यांना यात काही वावगं वाटत नसे.

“साहेब, नुसतं नाव मागे घेते म्हटलं तर नाही चालणार?”

“तुझ्या भल्याचंच सांगतोय. नवरा वॉल्टर अंथरुणाला खिळलाय तुझा. त्या युनीसच्या नादी लागून घर बुडवतेस की काय?”

गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकाच शाळेत बसू द्या, असा तो अर्ज होता. लिहिला होता शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या युनीस बॅटलने, पण आर्डेलाच्या स्वयंपाकघरात. तीन रविवार दोघी त्यावर बसल्या होत्या. “‘विनंती’ कशाला गं? ‘मागणी’ लिही,” हे आर्डेलाच म्हणाली होती. पंचावन्न जणांनी सह्या केल्या. वर्तमानपत्राने नावं पत्त्यांसकट छापली आणि आठवड्याभरात एकेकाची नोकरी जाऊ लागली.

आर्डेलाने सांगितलं तसं लिहून दिलं. शनिवारी तेही छापून आलं.

रविवारी चर्चबाहेर युनीसने तिला गाठलं. “युनीसने फसवलं म्हणाली असतीस तरी चाललं असतं मला. पण वाचलंच नाही? तू?”

“वॉल्टरची औषधं, युनीस...”

“ठाऊक आहे. म्हणून तर ओरडत नाहीये.” युनीस हसायला गेली, पण जमलं नाही. “मला काढलंय. मंगळवारी डेट्रॉइटला निघते, बहिणीकडे. बसपाशी येऊ नकोस हं. कुणी पाहिलं तर तुझीच पंचाईत.”

आर्डेला गेली नाही. पुढे आयुष्यभर तिला त्या पत्रापेक्षा हे न जाणंच जास्त बोचत राहिलं.

बुधवारी युनीसच्या वर्गातली एकतीस मुलं तिच्याच वर्गात आणून कोंबली. एकेका बाकावर चौघं बसली, तरी काही मागे उभीच.

“बाई, बॅटलबाई आजारी आहेत ना?” पुढच्या बाकावरच्या क्लिओराने विचारलं. “हेडमास्तर म्हणाले.”

मुलांना हेच सांगायचं, असा वरून हुकूम होता. आर्डेलाने दाराकडे पाहिलं. ते उघडंच होतं.

“नाही. चांगल्या ठणठणीत आहेत. त्यांनी एका अर्जावर सही केली होती. ती मागे घ्या म्हणून दटावलं, तरी त्यांनी घेतली नाही.”

“आणि तुम्ही, बाई?”



“मी मागे घेतली,” आर्डेला म्हणाली. मग उभ्या मुलांना जागा व्हावी म्हणून ती आपलं टेबल भिंतीकडे ढकलू लागली.